हवेवर जगणारा प्राणी

शॅमेलिऑन फक्त हवेवर जगतो, त्याला अन्न लागत नाही की पाणी, असे रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवले. युरोपात ही समजूत पुढे सोळाशे वर्षे टिकली; शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्येही तिचा उल्लेख येतो. गंमत म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षणाने ती पक्कीच होई. पाळलेला शॅमेलिऑन कित्येक दिवस काही न खाता जिवंत दिसे! सरपटणाऱ्या प्राण्यांना शरीर गरम राखण्यासाठी अन्न खर्चावे लागत नाही, म्हणून ते दीर्घ उपवास सोसतात. पाहणाऱ्यांनी मात्र उपासमारीलाच आहार मानले.

१६४६ साली टॉमस ब्राउन या इंग्रज वैद्याने या समजुतीची तपासणी केली. हवाच खायची, तर दात, जठर आणि ती लांबलचक जीभ कशाला? १६६९ मध्ये क्लोद पेरो यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत केलेल्या विच्छेदनाचे वर्णन प्रसिद्ध झाले.

पाण्याचे कोडेही असेच. शॅमेलिऑन पानांवरचे थेंब चाटतो. वाटीतल्या स्थिर पाण्याकडे सहसा वळत नाही. भरल्या वाटीशेजारी तो तहानेने मरू शकतो. म्हणून परदेशांत पाळणारे पिंजऱ्यातल्या पानांवर पाणी फवारतात.

भारतातही शॅमेलिऑनची एक जात आढळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती पकडणे वा पाळणे गुन्हा आहे. तरीही एखादा विद्यार्थी डब्यातून शॅमेलिऑन वर्गात घेऊन आला आणि ‘सर, हा काहीच खात नाही, तरी मजेत आहे’ म्हणाला, तर त्याला प्लिनीची गोष्ट सांगावी, आणि तो प्राणी त्याच दिवशी वनखात्याच्या हवाली करावा.