दहा महिने न नासलेला डबा

मागच्या शुक्रवारी रिलीजच्या गडबडीत माझा डबा हापिसातच राहिला. सोमवारी उघडला. आत भेंडीची भाजी होती हे मला आठवत होतं म्हणून बरं, बघून काही कळलं नसतं. दोन दिवस एसी बंद आणि पुण्यातला मे महिना, म्हणजे बॅक्टेरियांची दिवाळीच. नाक धरून डबा घासताना दुसऱ्याच एका डब्याची गोष्ट आठवली. बरेच दिवस लिहायची होती, म्हणून हा विकांत तिच्या नावावर.

तर झालं असं. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी 'ॲल्विन' नावाची छोटी अमेरिकन पाणबुडी अटलांटिक महासागरात सोडत होते. तीन माणसं मावतील एवढीच ती. सोडतानाच तिला धरणाऱ्या केबल तुटल्या. वरचं झाकण उघडंच होतं, पाणी भसाभसा आत शिरलं. तिघं जण कसेबसे बाहेर पडले आणि ॲल्विन सुमारे १५०० मीटर खाली तळाला जाऊन बसली. सोबत त्यांचं दुपारचं जेवण: सँडविचेस, सफरचंदं आणि थर्मासमध्ये सूप.

दहा महिन्यांनी, १९६९ मध्ये, पाणबुडी वर काढली. सँडविचेस भिजून गचगचीत झाली होती, पण नासलेली नव्हती! सफरचंदं जवळजवळ ताजी. गंमत पुढेच आहे. तेच खाणं ३ अंश तापमानाला फ्रीजमध्ये ठेवलं, तर ब्रेड आणि मांस काही आठवड्यांत खराब झालं. म्हणजे नुसत्या थंडीने ते टिकलं होतं असं म्हणता येईना.

वूड्स होल इथल्या समुद्रविज्ञान संस्थेत होल्गर यानाश नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. त्यांनी हे प्रकरण हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी मुद्दाम अन्नपदार्थ खोल समुद्रात सोडून प्रयोग केले आणि १९७१ मध्ये सहकाऱ्यांबरोबर 'सायन्स'मध्ये निबंध छापला. निष्कर्ष असा, की तेवढ्याच थंडीत प्रयोगशाळेत जे कुजतं, ते खोल पाण्यात १० ते १०० पट हळू कुजतं.

आता यात कार्बनचा काय संबंध? तर कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून संपलेला कार्बन, ऑक्सिजनने त्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतलेले. त्यातून पुन्हा साखर करायची तर इलेक्ट्रॉन परत द्यावे लागतात, आणि ते काम फुकट होत नाही, ऊर्जा लागते. झाडं ती उन्हातून घेतात. समुद्रात साधारण २०० मीटरखाली हा उद्योग करण्याइतका उजेड नाही, १००० मीटरखाली ठार काळोख. मग तिथल्या जीवांनी खायचं काय? तर वरच्या मजल्यावरून पडलेलं उष्टं: मेलेलं प्लवक, विष्ठा, कुठे एखादा देवमासा. याला 'सागरी हिम' असं भलतंच काव्यात्म नाव आहे. त्यात खालचे बॅक्टेरियाही असे सुस्त. म्हणजे तळ हे वाळवंटच, असं सगळ्यांनी धरलं होतं. शाळेत आपणही तेच शिकलो ना, सगळी अन्नसाखळी शेवटी सूर्यावर?

या वाळवंटाला धक्का बसला तो त्याच पाणबुडीमुळे. १९७३ मध्ये ॲल्विनला टायटॅनियमचा नवा गोळा बसवला, त्यामुळे ती पहिल्यापेक्षा दुप्पट खोल, ३६०० मीटरपर्यंत जाऊ लागली. फेब्रुवारी १९७७ मध्ये तिला गालापागोस बेटांजवळ नेलं. मोहीम भूगर्भशास्त्रज्ञांची. समुद्राच्या तळाला जिथे भेग रुंदावते तिथे गरम पाण्याचे झरे असणार हा अंदाज होता, तेच शोधायचे होते. जहाजावर जीवशास्त्रज्ञ एकही नाही, कारण वाळवंटात माळी कशाला न्यायचा?

आधी 'अँगस' नावाचा कॅमेऱ्यांचा पिंजरा तळावरून ओढत नेला. एका ठिकाणी तापमान जरासं वर गेलं आणि खाली आलं. मग फिल्म धुतली. साधारण ३००० फोटो, सगळे काळ्या दगडांचे, आणि नेमक्या त्या वेळचे १३ फोटो शिंपल्यांनी भरलेले. (तीन हजार ओळींच्या लॉगमधल्या तेरा ओळी. ज्यांनी रात्री दोन वाजता लॉग वाचलेत त्यांना ही भावना कळेल.) १७ तारखेला जॅक कॉर्लिस आणि त्येर्द व्हान आन्देल ॲल्विनमधून २५०० मीटर खाली उतरले. कोमट पाणी भेगांतून झिरपत होतं आणि भोवती फूट-फूटभर तिसऱ्या, खेकडे, आणि नंतरच्या बुड्यांत दिसले ते पांढऱ्या नळ्यांतून लाल तुरे बाहेर काढलेले पुरुषभर उंचीचे किडे. नमुने टिकवायला फॉर्मलिन पुरेना, म्हणून पनामात घेतलेली रशियन व्होडका वापरली. वर आणलेल्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येत होता. हायड्रोजन सल्फाइड.

या किड्यांना तोंड नव्हतं. आतडं नव्हतं. मग जेवतात कसे?

१९८० मध्ये स्मिथसोनियनचे मेरेडिथ जोन्स हार्वर्डला या किड्यांवर व्याख्यान द्यायला आले. बोलता बोलता म्हणाले, की अंगातल्या एका स्पंजासारख्या अवयवात गंधकाचे स्फटिक सापडतात. कोलीन कॅव्हनॉ ही तिथली विद्यार्थिनी उठून उभी राहिली आणि म्हणाली, की मग आत गंधकावर जगणारे बॅक्टेरिया असणारच! जोन्स यांना पटलं नाही, पण त्यांनी तिला तपासायला तुकडा दिला. १९८१ मध्ये निकाल छापून आला. एका ग्रॅममध्ये अब्जावधी बॅक्टेरिया. किडा लाल तुऱ्यातून ऑक्सिजन आणि सल्फाइड (आपल्यासाठी जहालच) दोन्ही रक्तातून आत पोचवतो, बॅक्टेरिया सल्फाइड जाळून मिळालेल्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडची साखर करतात. उन्हाचं काम गंधक करतं.

मला यात चुटपुट लागते ती वेगळीच. असे बॅक्टेरिया असतात हे व्हिनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८८७ मध्येच दाखवायला सुरुवात केली होती. उत्तर नव्वद वर्षं कपाटात पडून, प्रश्नच कुणी विचारला नव्हता. आणि विचारला तो विद्यार्थिनीने. आमच्याकडे डिझाइन रिव्ह्यूमध्ये फ्रेशरने असं मधेच उठून सांगितलं तर काय होतं ते मी पाहिलंय. असो.

एक खुलासा मात्र करायलाच हवा, कारण हे प्रकरण 'सूर्याशिवाय जीवन' अशा मथळ्याखाली खपवलं जातं. किड्याला लागणारा ऑक्सिजन वरच्या उजेडातल्या प्लवकांनी आणि झाडांनीच बनवलेला आहे. म्हणजे उधारी राहतेच. खरोखर उधारी नसलेले, ते झऱ्यांतले हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांवर जगून मिथेन सोडणारे सूक्ष्मजीव.

तो हायड्रोजन मुबलक कुठे मिळतो हे डिसेंबर २००० मध्ये दिसलं. अटलांटिकच्या मध्यात 'लॉस्ट सिटी' नावाचे झरे सापडले, ६० मीटरपर्यंत उंच पांढऱ्या चुनखडीची धुराडी. इथे ज्वालामुखी नाही. पाणी आणि खडक यांच्या अभिक्रियेतूनच हायड्रोजन निघतो, आणि २००८ मध्ये छापलेल्या कामाप्रमाणे तिथला मिथेन वगैरे काही हायड्रोकार्बन कुठल्याही जीवाच्या मदतीशिवाय बनतो. पहिली पेशी अशाच जागी घडली असेल का? कॉर्लिस आणि त्यांच्या साथीदारांनी १९८१ मध्येच गरम झऱ्यांबद्दल तसं सुचवलं होतं. स्टॅन्ली मिलर यांनी ते साफ धुडकावलं: एवढ्या उष्णतेत रेणू बनण्यापेक्षा मोडतीलच जास्त. लॉस्ट सिटीचं पाणी ९० अंशांच्या आतबाहेरच आहे, त्यामुळे वाद पुन्हा पेटला आणि अजून मिटलेला नाही.

यानाशांचं काय झालं? १९७९ मध्ये जीवशास्त्रज्ञांची पहिली मोहीम गालापागोसला गेली, तेव्हा तेही कामाला लागले आणि झऱ्यांजवळचे बॅक्टेरिया किती कार्बन बांधतात ते मोजू लागले. तळाशी सगळं किती सुस्त आहे हे ज्यांनी डब्यावरून सांगितलं, तेच. ॲल्विनही अजून नोकरीत आहे. २०२२ पासून ती ६५०० मीटरपर्यंत उतरते.