काठी, गळ आणि पाणी

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने मासे धरायच्या काठीवर बोलायचं ठरवलं, तेव्हा संयोजकांनी दोनदा विचारून घेतलं, ‘विषय हाच ना?’ हाच. आणि आमची सबब फार जुनी आहे. प्लेटोचा ‘सोफिस्ट’ नावाचा संवाद आहे. त्यात सोफिस्ट म्हणजे कोण, याची व्याख्या करायची आहे. पण ते अवघड, म्हणून एलिआहून आलेला पाहुणा म्हणतो, आधी एखाद्या साध्या, सगळ्यांच्या ओळखीच्या माणसावर सराव करू. आणि तो कोणाला निवडतो? गळ टाकणाऱ्याला. मग एकेका गोष्टीचे दोन-दोन भाग पाडत जातो. कला दोन प्रकारची, निर्माण करण्याची आणि मिळवण्याची. मिळवणं दोन प्रकारचं, देवघेवीने आणि पकडून. असं करत करत शेवटी येतो मारून धरण्याकडे. त्यातही दोन भेद : त्रिशूळ वरून खाली मारतात, गळ मात्र खालून वर ओढतो, काठीच्या आणि वेताच्या साह्याने. झाली व्याख्या.

आम्ही हे वर्गात अनेक वर्षं शिकवलं, आणि दर वर्षी मुलं इथे हसायची. आम्हीही हसायचो. प्लेटोने विभागणी काठीपाशी थांबवली याचं तेव्हा आम्हाला काही वाटलं नाही. खरी विभागणी तिथून पुढे सुरू होते, हे समजायला सत्तरी उलटावी लागली.

आपल्याकडे या विषयावर ग्रंथ आहे, आणि तो आपल्या मुलखापासून लांबचा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याचा ‘मानसोल्लास’ 1130 च्या सुमाराचा. राजाने काय खावं, काय ल्यावं, कशाने मन रमवावं, हे सगळं त्यात आहे, आणि करमणुकीच्या प्रकरणांत एक आहे ‘मत्स्यविनोद’. माशांचे प्रकार, कोणत्या माशाला काय चारायचं, दोरी, काठी, गळ यांचा विचार, असं सगळं संस्कृत श्लोकांत. पुढे सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी 1951 मध्ये या प्रकरणावर लेख लिहिला, तेव्हा आधुनिक विज्ञानाचं तिकडे लक्ष गेलं. कल्याणी आज कर्नाटकात, बिदर जिल्ह्यात. पण या सोमेश्वराच्या वडिलांनी, सहाव्या विक्रमादित्याने, कऱ्हाडच्या शिलाहारांची राजकन्या चंद्रलेखा वरली होती, आणि बिल्हणाने त्या स्वयंवराचं वर्णन केलं आहे. म्हणजे कऱ्हाडच्या संगमावर या घराण्याचा पाय लागलेला आहे. तिथे कोणी गळ टाकला होता का, ते विचारू नका.

कऱ्हाडचं नाव आलंच आहे, तर आपल्या दोन जिल्ह्यांचं पाणी आधी बघू. कृष्णा आणि कोयना, दोघी महाबळेश्वरच्या. कृष्णा वाईकडून खाली येते, कोयना दक्षिणेकडे जाऊन हेळवाकजवळ पूर्वेला वळते, आणि कऱ्हाडला दोघी समोरासमोर भेटतात. वरच्या अंगाला, म्हणजे वाई, पाटण या बाजूला, नदीचा तळ खडकाळ, पाणी ओढीचं आणि निवळ. खाली सांगलीकडे नदी संथ होते, मळीचा काठ, गढूळ पाणी, खोल डोह, वळणावर लव्हाळं आणि आता जलपर्णी. नदी तीच, पण गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी राज्यं आहेत. निवळ पाण्यात मासा तुम्हाला बघतो, म्हणून लांबून टाकावं लागतं. गढूळ पाण्यात तो तुम्हाला बघत नाही, म्हणून जवळ जाता येतं. मात्र तो अडचणीत बसलेला असतो, आणि तिथून त्याला लगेच बाहेर काढावं लागतं. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

आता बांबूकडे. भरीव बांबू, ज्याची लाठी होते, तोच गळकाठीलाही चांगला. एकोणिसाव्या शतकात हा हिंदुस्थानी बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जहाजाने बाहेर जाई, म्हणून त्याचं नाव पडलं ‘कलकत्ता केन’. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप नावाचा बंदुकांचा कारागीर होता. त्याने 1840 च्या दशकात बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून काठ्या केल्या. पुढे मेन राज्यात हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांच्या काठीचा धंदाच उभा केला. म्हणजे उत्तम काठीचा कच्चा माल आपला, आणि काठी त्यांची. कापसाचंही तेच झालं होतं, नवल करण्यासारखं नाही. विसाव्या शतकात चीनच्या टोंकिन बांबूने आपल्या बांबूला मागे टाकलं, कारण त्याची पेरं लांब आणि धागा अधिक सरळ. 1950 मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार तोडला आणि टोंकिनही अडला, पण तोवर फायबरग्लास आलेलं होतं. मग कार्बन. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत 1960 च्या दशकात मजबूत कार्बन धागा तयार झाला, आणि 1973 मध्ये फेनविक या अमेरिकन कंपनीने त्याची काठी बाजारात आणली. विमानासाठी शोधलेली वस्तू दहा वर्षांत माशापर्यंत पोचली.

आमच्या हातात कार्बन आला तो नातवामुळे. तो अमेरिकेत असतो आणि त्याला बासचं वेड आहे. बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. दडून बसतो आणि झडप घालतो. तो आपल्या कृष्णेत नाही. पण त्याच्या स्वभावाचा आपला मासा आहे, मरळ. तोही गवतात, वेलींत दबा धरतो, आणि वरून बेडूक गेला की फुटतो. तिकडे बासवर केवढा संसार उभा आहे! केंटकीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने रीळ बनवलं, ज्याच्या एका फेऱ्यात गाडी अनेकदा फिरते. तिथून कास्टिंग सुरू झालं. 1881 मध्ये जेम्स हेन्शल या डॉक्टरने बासवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि आखूड काठीचा पुरस्कार केला. 1967 च्या जूनमध्ये रे स्कॉटने आर्कान्सासच्या बीव्हर तलावावर बासची मोठी स्पर्धा भरवली, आणि तिथून हा खेळ पैशाचा झाला. त्याच वर्षी डिसेंबरात आमच्याकडे कोयनेचा भूकंप झाला. आम्हाला 1967 म्हटलं की तो आठवतो, नातवाला ती स्पर्धा.

तर नातू सुट्टीत आला तो एक काठी घेऊन. सात फुटी कास्टिंग रॉड. कास्टिंग म्हणजे रीळ काठीच्या वरच्या अंगाला, दोरीच्या कड्याही वर, आणि फेकताना अंगठा रिळावर. अंगठा चुकला की दोरीचं घरटं होतं. आमचं झालं, तीनदा. काठीची किंमत त्याने सांगितली नाही, आम्हीही विचारली नाही. पावतीचा कागद मात्र खोक्यात राहिला होता. आमच्या पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा आकडा मोठा होता.

आम्ही दोघे हरिपूरच्या बाजूला गेलो, वारणा कृष्णेला मिळते त्याच्या अलीकडे. आमच्या ओळखीचे एक भोई गृहस्थ तिथे होते. बारा फुटी बांबू, त्याला हातभर तंगूस, टोकाला गळ. जलपर्णीच्या भोकाभोकातून ते चारा नुसता वर-खाली नाचवत होते. नातवाने आपला लाकडी खोटा मासा सोडला. मरळ लागली. काठी सुंदर वाकली, अर्धवर्तुळ झाली, आणि तेवढ्या वेळात मरळ वेलीत शिरून गळ झटकून निघून गेली. दुसऱ्यांदा तेच. तेवढ्यात शेजारी बांबू वर गेला आणि हातभर मासा काठावर येऊन पडला. खालून वर, प्लेटोने सांगितल्याप्रमाणे. भोईबुवांनी आमची काठी हातात घेतली, शेंडा वाकवून बघितला, आणि म्हणाले, “सर, काठी झ्याक हाय. पर ही हितल्या पाण्याची न्हाई.”

नातू वरमला, पण त्याने पुढे जे समजावून सांगितलं ते आम्ही घरी जाऊन लिहून ठेवलं. काठीचे दोन गुण कधी एक समजू नयेत. एक तिचा दम, म्हणजे वाकवायला किती जोर लागतो. दुसरं तिचं लवणं, म्हणजे ती कुठून वाकते. नुसत्या शेंड्याला वाकली तर तिला फास्ट म्हणतात, मधून वाकली तर मॉडरेट. तो आणलेली काठी क्रँकबेटसाठी होती. क्रँकबेट म्हणजे पाण्यातून लटपटत जाणारा खोटा मासा, त्याला बारीक तीन-तीन आकडे. मासा तो तोंडात घेतो तेव्हा काठी ताठ असेल तर आपण घाईने ओढतो आणि आकडा निसटतो. म्हणून तिथे मधून वाकणारी, थोडी सुस्त काठी मुद्दाम घेतात. त्यासाठी चांगले कारागीर आजही कार्बनमध्ये फायबरग्लास मिसळतात. म्हणजे जुनं द्रव्य स्वस्त म्हणून नव्हे, योग्य म्हणून. तळाला घासत न्यायच्या जिगसाठी शेंड्याला वाकणारी, कारण तळाचा दगड आणि माशाचा चावा यातला फरक बोटांना कळायला हवा आणि कळल्याबरोबर मोठा एकच आकडा टोचायला हवा. आणि वेलीवरून रबरी बेडूक चालवायचा तर सात ते साडेसात फुटी, हेवी, फास्ट, आणि जाड विणलेली दोरी. हेच मरळीचं शस्त्र. नातवाने चुकीची काठी आणली नव्हती. त्याने चुकीच्या पाण्यात आणली होती.

मग महागाचं काय? आम्ही पुष्कळ दिवस समजत होतो की महाग काठी अधिक मजबूत. उलट आहे. जास्त पैसे जातात ते हलकेपणाला आणि संवेदनेला. कार्बनचा धागा जितका ताठ, तितकी भिंत पातळ करता येते, काठी वजनाला कमी आणि बोटांना बोलकी होते. पण ती ठिसूळही होते. होडीच्या काठावर आपटली, किंवा मासा पायाशी आल्यावर काठी उभी धरून उचलायला गेलात, की मोडते. जिगसाठी हा पैसा सत्कारणी लागतो. बेडकासाठी फारसा नाही, तिथे मासा आपटतो ते डोळ्यांना दिसतं, बोटांनी ऐकायचं काही नसतं. जपानी कड्या, कॉर्कची मूठ, वार्निश यांचे पैसे वेगळे. ते हौसेचे, आणि हौसेला आमची हरकत नाही. आम्ही कॉलेजात असताना दोन महिने चहा सोडून एक पेन घेतलं होतं.

भोईबुवांच्या बांबूकडे परत येऊ, कारण आमच्या मते इतिहासाचा खरा मासला तिथे आहे. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात डी थॉमस नावाचा गडी पाणगवतात अगदी असंच करायचा. बारा फुटी काठी, आखूड दोरी, भोकात आमिष सोडायचं आणि उचलायचं. स्पर्धेत तो इतरांना जड जायला लागला, तक्रारी झाल्या, तेव्हा त्याने काठी साडेसात फुटांवर आणली, फेकायची पद्धत बदलली, आणि त्याला नाव पडलं फ्लिपिंग. फेनविकने त्यासाठी खास काठी काढली. आज प्रत्येक नामांकित कंपनीच्या यादीत फ्लिपिंगची महागडी काठी असते. हरिपूरला कॅलिफोर्नियाने शिकवलं नाही आणि हरिपूरने कॅलिफोर्नियाला नाही. वेलीखालच्या माशाने दोघांना शिकवलं. ज्ञान वस्तूतून येतं की बुद्धीतून, यावर आम्ही आयुष्यभर तास घेतले. हा दाखला तेव्हा हाताशी असता तर बरं झालं असतं.

आता आम्हाला ज्याची चिंता आहे ते सांगतो. एवढ्या तऱ्हेच्या काठ्या कशाला लागतात? एवढ्या तऱ्हेचे मासे असतात म्हणून. विल्यम सायक्स नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी दख्खनभर फिरला आणि त्याने 1839 मध्ये इथल्या नद्यांतल्या चाळीसहून अधिक माशांची नोंद लंडनच्या विद्वानांपुढे ठेवली. त्याने एक भलं काम केलं, पुष्कळ माशांची आपल्या तोंडची नावं तशीच शास्त्रीय नावांत घातली. कोलुस, नुक्ता, मुल्या, अल्कुटी. म्हणजे आपले कोळस, नकटा, मळ्या. दख्खनच्या महाशीराचं शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’ आहे, तेही त्याचंच. महाशीराला ओढीचं निवळ पाणी लागतं, नकटा दगडावरचं शेवाळ खातो, मरळ वेलीत, वाम खबदाडीत. प्रत्येकाची काठी, दोरी, गळ वेगळा.

धरणं झाली. ती व्हायला नको होती असं आम्ही म्हणणार नाही, दुष्काळ आम्ही बघितला आहे. पण ओढीचं पाणी साठवणीचं झालं, त्यात गंगेकडचे कटला-रोहू सोडले, पाठोपाठ चिलापी आली. वाळू उपसली गेली. खालच्या अंगाला मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या सांगलीकरांनी एकदा नव्हे, अनेकदा वाचल्या. लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांनी 1970 च्या दशकापासून महाशीराची पैदास चालवली, आणि घाटाखाली रायगडात वाळण कोंडीत देवीचे म्हणून महाशीर आजही राखलेले आहेत. तिथे कोणी गळ टाकत नाही. पण आम्ही हरिपूरला भोईबुवांना विचारलं, घरात काठ्या किती? म्हणाले, “वडिलांच्या चार हुत्या. वामेची येगळी, मरळीची येगळी. मला ही एकच पुरती.” ते तक्रार करत नव्हते. चिलापीला काठी निवडावी लागत नाही.

तुमच्यापैकी तरुण मंडळी व्याख्यानानंतर विचारतीलच, म्हणून आताच सांगतो. पहिली एकच काठी घ्यायची तर सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट घ्या, मधल्या किमतीची. मुठीच्या वर किती वजनाचं आमिष आणि किती ताकदीची दोरी हे छापलेलं असतं, ते वाचा आणि पाळा. सांगलीकडे वेलीत मरळ धरायची असेल तर दुसरी काठी हेवी. महाग घ्यायचीच झाली तर तिसरी घ्या, जिगची, आणि तीही दोन वर्षं हात बसल्यावर. जून ते ऑगस्टमध्ये मरळ पिलांचा थवा राखत असते. पाण्यावर लालसर पुंजका दिसला की काठी खाली ठेवा, कारण त्या वेळी ती भुकेने नव्हे, पिलांसाठी झडप घालते. आणि जलाशयांवर मासेमारीचे ठेके सहकारी संस्थांकडे असतात, त्यांना विचारल्याशिवाय उतरू नका.

नातवाची ती वाकणारी काठी आमच्याकडेच आहे. वेलीत ती निरुपयोगी, पण धरणाच्या मोकळ्या पाण्यात तिचं काम होईल असं तो म्हणतो. पाऊस संपला की धोमला जायचं ठरलं आहे. भोईबुवांनाही विचारलं. त्यांनी आधी एवढंच विचारलं की तिथे वेल आहे का.