अनाथोथचे शेत

संदेष्टा यिर्मया म्हटला की आपल्याकडील भाविकांना शाप, शिक्षा आणि अश्रू यांचेच स्मरण होते. हा समज अगदीच खोटा नाही. सुमारे चाळीस वर्षे ज्याने आपल्याच नगराचा विनाश जाहीर केला, त्याच्या ग्रंथात कोमल शब्द शोधूनच काढावे लागतात. परंतु त्याच ग्रंथाच्या बत्तिसाव्या अध्यायात जमिनीच्या एका खरेदीची हकिकत आली आहे. परमेश्वराचा न्याय आणि पुनःस्थापनेचे अभिवचन यांचा परस्परांशी संबंध काय, हे जाणून घ्यावयाचे असेल तर आम्ही प्रथम त्या अध्यायाकडे वळतो.

इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जिंकले. बाबेलच्या बखरीच्या एका मृण्मय पाटीवर ही घटना तिथीसह कोरलेली आहे. तरुण राजा यहोयाखीन, सरदार व कारागीर यांना बंदिवान करून नेण्यात आले आणि सिद्कीयाला मांडलिक म्हणून गादीवर बसविण्यात आले. मंदिर मात्र अद्याप उभे होते, आणि तेवढ्यावर लोकांच्या आशा तगून होत्या.

या आशेला शब्द देणारा संदेष्टा लवकरच पुढे आला. त्याचे नाव हनन्या. सिद्कीयाच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी त्याने मंदिरात सर्वांसमक्ष जाहीर केले की, दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल, मंदिराची लुटलेली पात्रे आणि बंदिवान माघारी येतील. यिर्मयाने त्या वेळी दास्याची खूण म्हणून आपल्या मानेवर लाकडी जू घेतले होते. हनन्याने ते काढून मोडून टाकले. यिर्मयाने चिडून उत्तर दिले नाही. परमेश्वर खरोखरच असे करो, अशा आशयाचा ‘आमेन’ त्याने उच्चारला, आणि मग तो मुकाट्याने निघून गेला. त्याचे हे मौन आम्हांला नेहमीच अस्वस्थ करते. कारण हनन्याही पुनःस्थापनाच सांगत होता. फक्त तिच्यातून न्याय वगळून. दुःखी कुटुंबापुढे उभे असताना दोन वर्षांचा वायदा करणे किती सोपे असते, हे आम्हां धर्मगुरूंना ठाऊक आहे. सांत्वनाच्या घाईत असे वायदे आमच्या तोंडूनही गेले आहेत. यिर्मयाने मात्र बाबेलमधील बंदिवानांना पत्र पाठवून घरे बांधावयास, बागा लावावयास, मुलाबाळांची लग्ने करावयास सांगितले. मुदत दिली ती सत्तर वर्षांची. हे पत्र वाचून कोणाला आनंद झाला असेल असे वाटत नाही.

पुढे सिद्कीयाने बंड केले आणि इ. स. पूर्व ५८८ च्या सुमारास यरुशलेमला वेढा पडला. यहुदाच्या तटबंदीच्या नगरांपैकी लाखीश आणि अजेका ही दोनच उरली होती, असे यिर्मयाचा ग्रंथ सांगतो. इ. स. १९३५ मध्ये लाखीशच्या उत्खननात शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. त्यांपैकी एकीवर एक हाताखालचा अधिकारी आपल्या वरिष्ठास कळवितो की, आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांकडे डोळे लावून आहोत, कारण अजेका आम्हांला दिसत नाही. मध्यंतरी मिसरी सैन्य आल्याने वेढा काही काळ उठला. त्या संधीत यिर्मया वडिलोपार्जित जमिनीतील आपल्या वाट्यासाठी बन्यामीनच्या प्रांताकडे निघाला असता वेशीवरच शत्रूला मिळाल्याच्या आरोपावरून पकडला गेला. वेढा पुन्हा पडला तेव्हा तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदी होता.

तेथे त्याचा चुलतभाऊ हनामेल आला. अनाथोथचे माझे शेत तू विकत घे, जवळचा नातलग म्हणून तुझाच हक्क आहे, असे त्याने विनविले. अनाथोथ हे यरुशलेमच्या ईशान्येस चार-पाच किलोमीटरवर असलेले याजकांचे गाव. वेढा घालणारे सैन्य सभोवार पसरलेले असताना त्या शेताला काय किंमत असणार? शिवाय याच अनाथोथच्या माणसांनी पूर्वी यिर्मयाचा जीव घेण्याचा कट केला होता. भाऊबंदकीचा हा इतिहास, आणि यिर्मया तर परमेश्वराच्या आज्ञेवरून अविवाहित राहिलेला; शेत घेऊन ठेवावे तरी कोणासाठी?

त्याने ते घेतले. सतरा शेकेल, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम रुपे, त्याने तागडीत तोलून दिले. नाणी तेथे अद्याप प्रचारात नव्हती. खरेदीखताच्या दोन प्रती झाल्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी. साक्षीदारांनी सह्या केल्या. त्याचा लेखक बारूख याला दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात ठेवण्यास सांगण्यात आले, म्हणजे त्या दीर्घकाळ टिकतील. दुहेरी दस्ताची ही रीत पुढेही चालू राहिली. इ. स. १९६१ मध्ये मृत समुद्राजवळील गुहेत सापडलेल्या बाबथा नावाच्या यहुदी स्त्रीच्या कागदपत्रांत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातही, ती आढळते.

व्यवहार पुरा झाल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो, आणि त्या प्रार्थनेत शंका आहे. वेढ्याचे मोर्चे तटाला भिडले आहेत आणि तू मला शेत घ्यावयास सांगतोस, असे तो परमेश्वराला विचारतो. आज्ञापालन आधी, प्रश्न मागाहून, हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. मिळालेल्या उत्तरात न्याय मागे घेतलेला नाही: नगर जळेल, आणि याच भूमीत पुन्हा शेते विकली जातील. शेजारच्याच एकतिसाव्या अध्यायात ‘नवा करार’ हे शब्द येतात. संपूर्ण जुन्या करारात ते तेवढ्या एकाच ठिकाणी आहेत, आणि प्रत्येक मिस्साबलिदानात चषकावरील शब्दांत आपण ते ऐकतो.

इ. स. पूर्व ५८७ मध्ये नगर पडले, मंदिर जळाले. इ. स. १९८२ मध्ये दावीदनगरातील उत्खननात त्या आगीत भाजून निघालेल्या ५१ मृत्तिकामुद्रा मिळाल्या. दस्तऐवज जळून गेले, मुद्रा मात्र त्याच आगीने टणक झाल्या. त्यांतील एकीवर शाफानपुत्र गमऱ्या हे नाव आहे. बारूखाने यिर्मयाची गुंडाळी ज्याच्या दालनात वाचली, तो बहुधा हाच. यिर्मयाला त्याच्या इच्छेविरुद्ध लोकांनी मिसर देशात नेले. त्या शेतात त्याने कधी पाऊल ठेवले, असे कोठेही लिहिलेले नाही. मडक्याचाही पुन्हा उल्लेख नाही.

इ. स. पूर्व ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतले आणि बंदिवानांना परतण्याची मोकळीक मिळाली. परत आलेल्यांची यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ती रुक्ष म्हणून बहुतेक वाचक तिचे पान उलटतात. तिच्या तेविसाव्या ओवीत अनाथोथच्या माणसांची नोंद आहे. संख्या १२८.