दुर्बिणीच्या तपासणीची धास्ती : ओळखावी कशी, आवरावी कशी?

'उद्या सकाळी उपाशीपोटी या, दुर्बिणीने तपासून घेऊ,' एवढे एक वाक्य डॉक्टरांच्या तोंडून निघाले की भल्याभल्यांचे धाबे दणाणते. सारे आयुष्य कणखरपणे काढलेली माणसेही एन्डोस्कोपीचे नाव निघताच तारीख पुढे ढकलू लागतात. जुन्नर-आंबेगावसारख्या शेतीप्रधान तालुक्यांत अशा टाळाटाळीला निमित्तांची वाण नसते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची आवक जोरात असते, कांदा चाळीत भरायचा असतो, उसाला पाणी द्यायचे असते. 'एवढा हंगाम आटोपू दे, मग बघू,' असे म्हणत महिने उलटतात आणि जळजळीवर सोडा, आम्लपित्ताच्या गोळ्या किंवा घरातला हिरडा यांवर वेळ मारून नेली जाते. इकडे पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली मुले फोनवरून आग्रह करीत राहतात आणि तिकडून 'मला काही झालेले नाही' हेच उत्तर मिळते.

हंगाम हे बहुतेक वेळा निमित्त असते. खरे कारण भीती असते. ती लाजिरवाणी नाही आणि 'घाबरायचे काय त्यात' असे म्हटल्याने ती जातही नाही. मात्र ती नेमकी कशाची आहे हे ओळखले, तर तिच्यावर इलाज करता येतो.

भीती एक नव्हे, अनेक

एन्डोस्कोपीची भीती या एका नावाखाली निदान चार वेगवेगळ्या भीती दडलेल्या असतात. पहिली, श्वास कोंडण्याची. दुसरी, उमासे येऊन चारचौघांत फजिती होण्याची. तिसरी, भूल दिल्यावर आपला आपल्यावर ताबा न राहण्याची. चौथी आणि सर्वांत खोल, म्हणजे नळीतून काय दिसेल याची. पहिल्या तिन्हींवर माहिती आणि तयारी हा उतारा आहे. चौथीवर तपासणी करून घेणे हाच उतारा आहे. कारण न तपासल्याने आजार नाहीसा होत नाही, फक्त तो कळायचा राहतो.

या भागातील शेतकऱ्याला भीतीशी जुळवून घेणे नवे नाही. उसाच्या फडात बिबट्या असू शकतो हे ठाऊक असूनही रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यावेच लागते. तेव्हा तो बॅटरी घेतो, सोबतीला कोणी नेतो, मोठ्याने बोलत किंवा गाणी लावून जातो. उजेड, सोबत आणि ठरलेली रीत या तीन गोष्टींनी भीती संपत नाही, पण आवाक्यात येते. दुर्बिणीच्या तपासणीलाही याच तीन गोष्टी उपयोगी पडतात.

नळी नेमकी कुठे जाते?

प्रौढांसाठी वापरली जाणारी लवचिक नळी साधारण ९ ते १० मिलिमीटर जाडीची, म्हणजे करंगळीहूनही बारीक असते. तिच्या टोकाला दिवा आणि छोटा कॅमेरा असतो. तोंडावाटे ती अन्ननलिकेत, तेथून जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जाते. श्वासनलिकेचा मार्ग वेगळा असतो. त्यामुळे नळी आत असतानाही श्वासोच्छ्वास नाकाने किंवा तोंडाने सुरूच राहतो. घशात काहीतरी अडकल्याची भावना खरी असते. पण ती भावना म्हणजे गुदमरणे नव्हे. हा फरक आधीच मनात पक्का केलेला असला, तर ऐन वेळी घाबरगुंडी उडत नाही.

निव्वळ तपासणी बहुधा ५ ते १० मिनिटांत आटोपते. रक्तस्राव किंवा आतड्याला इजा असे गंभीर धोके संभवतात. परंतु केवळ निदानासाठी केलेल्या तपासणीत ते क्वचित, हजारोंमध्ये एखाद्या वेळी घडतात. आपल्या वयाचा आणि इतर आजारांचा विचार करता धोका किती, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारण्यात संकोच नसावा.

तलवार गिळणाऱ्यापासून लवचिक नळीपर्यंत

वडीलधाऱ्यांच्या मनातील धास्ती पुष्कळदा जुन्या ऐकीव कथांवर पोसलेली असते आणि एके काळी ती अनाठायी नव्हती. १८६८ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे अडॉल्फ कुसमाउल यांनी जठर पाहण्याचा प्रयोग केला, तेव्हा ताठ नळी घशाखाली उतरवण्यासाठी त्यांना तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्याची मदत घ्यावी लागली. १९३२ साली रुडॉल्फ शिंडलर यांची काहीशी वाकणारी नळी आली. खरा बदल घडवला तो काचतंतूंनी. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे ब्रिटिश मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते, हे १९५४ साली प्रसिद्ध केले. त्याच तत्त्वावर बेसिल हर्शोविट्झ यांनी अमेरिकेत लवचिक दुर्बीण तयार केली आणि १९५७ साली ती प्रथम स्वतःच्याच घशातून उतरवून पाहिली. १९८० नंतरच्या दशकात टोकाला कॅमेरा बसवलेल्या नळ्या आल्या आणि चित्र पडद्यावर दिसू लागले. सारांश, आजची तपासणी आजोबांच्या काळातली राहिलेली नाही.

भूल घ्यावी की न घ्यावी?

दोन्ही पर्याय प्रचलित आहेत. पहिल्यात घसा बधिर करणारा फवारा मारतात. रुग्ण जागा असतो, थोडे उमासे येतात, पण तासाभरात घरी जाता येते. दुसऱ्यात शिरेतून गुंगीचे औषध देतात. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायूवर लक्ष ठेवले जाते आणि पुष्कळांना नंतर फारसे काही आठवत नाही. ज्यांना फार भीती वाटते किंवा पूर्वी त्रास झाला आहे, त्यांनी गुंगीच्या औषधाबद्दल आधीच विचारावे. हृदयाचा वा फुफ्फुसाचा आजार, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, औषधांची ॲलर्जी किंवा गर्भारपण असल्यास ते सांगणे आवश्यक आहे.

गुंगी घेतल्यास सोबत माणूस हवाच. त्यानंतर २४ तास मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नये, कडबाकुट्टी यंत्राजवळ जाऊ नये, व्यवहाराच्या कागदांवर सह्या करू नयेत. 'आता बरे वाटते' हा त्या दिवशी भरवशाचा निकष नसतो.

आदल्या दिवसापासूनची तयारी

साधारणपणे ६ ते ८ तास घन आहार नको आणि तपासणीपूर्वी २ तास पाणीही नको. आपल्या रुग्णालयाने दिलेली वेळ मात्र अंतिम समजावी. दुधाचा चहा हा आहारातच मोडतो, हे लक्षात ठेवावे. सकाळी तंबाखू, मिश्री, गुटखा पूर्ण वर्ज्य. कवळी काढून ठेवावी, हलणारा दात असल्यास सांगावे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचे की नाही, हे आधी विचारून घ्यावे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. आठवड्यातून एकदा घ्यायची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने सुरू असल्यास तेही सांगावे. त्यांनी जठर रिकामे होण्यास वेळ लागतो.

मनाची तयारीही चार-पाच दिवस आधी सुरू करता येते. रोज दोनदा, पाच मिनिटे डाव्या कुशीवर पडून नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ लावावा. तपासणीच्या टेबलावर हेच करायचे असल्याने शरीराला ते ओळखीचे होते. मनातील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. डॉक्टरांसमोर गेल्यावर निम्मे विसरतात.

टेबलावर असताना

दातांमध्ये प्लॅस्टिकचे कडे ठेवतात, त्यामुळे नळी चावली जाण्याची चिंता राहत नाही. खांदे सैल सोडावेत. सांगितले की एकदा गिळावे. नळी घशापलीकडे गेली की सर्वांत अवघड क्षण सरला. नंतर लाळ गिळू नये, ती बाहेर वाहू द्यावी. परिचारिका ती पुसते किंवा ओढून घेते. जठर फुगवण्यासाठी हवा सोडतात, म्हणून ढेकर येतात. उमासे आणि ढेकर तेथील लोकांना रोजचेच आहेत, त्यात फजिती कसली? त्रास वाढल्यास हात वर करायचा, अशी खूण आधीच ठरवून घ्यावी. थांबा म्हणता येते, एवढ्या जाणिवेनेही अर्धी भीती ओसरते. स्त्रियांनी परिचारिकेला जवळ थांबण्याची विनंती निःसंकोच करावी. नळी दोन रुग्णांमध्ये कशी निर्जंतुक करतात, हा प्रश्नही रास्त आहे. चांगल्या केंद्रात त्याचे उत्तर आनंदाने मिळते.

'तुकडा घेतला' म्हणजे काय?

तपासणीनंतर 'तुकडा तपासायला पाठवला' हे शब्द ऐकताच घरात कर्करोगाची कुजबुज सुरू होते. वस्तुतः बायोप्सी अनेक साध्या कारणांसाठी घेतली जाते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू शोधणे, हे त्यांपैकी एक. या जिवाणूमुळे जठराला सूज येते हे दाखवण्यासाठी ऑस्ट्रेलियाचे डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतः प्राशन केला आणि मग स्वतःच एन्डोस्कोपी करून घेतली. पुढे २००५ साली त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आज असा संसर्ग औषधांनी बरा करता येतो आणि वर्षानुवर्षे छळणारा अल्सर त्यामुळे कायमचा भरून येऊ शकतो. तुकडा अगदी कणाएवढा असतो आणि तो घेताना सहसा वेदना जाणवत नाही.

ही लक्षणे असतील तर थांबू नये

प्रत्येक जळजळीला दुर्बीण लागत नाही. परंतु घास अडकणे, अकारण वजन घटणे, वारंवार उलट्या, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, कारण न सापडणारा रक्तक्षय किंवा साठीच्या आसपास नव्यानेच सुरू झालेला पोटाचा त्रास असल्यास विलंब करू नये. तंबाखू, मिश्री आणि मद्याची सवय असलेल्यांनी तर अधिकच जागरूक राहावे. अन्ननलिकेच्या कर्करोगाशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात गोळा होणाऱ्या हिरड्याला आयुर्वेदात मानाचे स्थान आहे. पण काळी शौच किंवा अडकणारा घास हा हिरड्याने परतवायचा विषय नव्हे. रक्ताची उलटी झाल्यास तारखेची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गावाकडून येताना

जुन्नरहून पुणे सुमारे ९० किलोमीटर. भीमाशंकरच्या परिसरातील किंवा नाणेघाटाकडील वाड्यांना तर आधी तालुक्याच्या गावी पोहोचण्यातच वेळ जातो. उपाशीपोटी पहाटेची एसटी धरणे हा वृद्धांसाठी वेगळाच ताण ठरतो. शक्य असल्यास आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करावा किंवा उशिराची वेळ मागून घ्यावी. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर येथील शासकीय रुग्णालयांत चौकशी करून ही सोय कुठे आणि कोणत्या दिवशी मिळेल हे विचारावे; पुण्यात ससून रुग्णालय आहे. खर्चाची भीतीही खरीच असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली तपासणी वा उपचार बसतात का, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून समजून घ्यावे.

शहरातील मुलांनी काय करावे?

'काही नाही, नुसते बघायचे आहे,' असे खोटे सांगून आई-वडिलांना टेबलापर्यंत नेऊ नये. फसवणूक कळली की पुढच्या तपासणीस ते कधीच तयार होत नाहीत. 'थोडा त्रास होईल, पाच-दहा मिनिटांत संपेल, मी दाराशी आहे' हे खरे वाक्य अधिक धीर देते. 'अमक्याला तर फार त्रास झाला' अशा गोष्टी त्या आठवड्यात घरात नकोत. आणि 'तुम्हाला भीती कशाची वाटते?' हे एकदा शांतपणे विचारून उत्तर संपेपर्यंत ऐकावे.

तपासणीनंतर

घशाचा बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ-पिऊ नये. नंतर घोटभर पाण्याने सुरुवात करावी. एक-दोन दिवस घसा खवखवतो, पोट फुगल्यासारखे वाटते. मात्र छातीत वा पोटात तीव्र वेदना, ताप, धाप, रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. अहवाल घेताना तीन गोष्टी विचाराव्यात : काय आढळले, औषध किती दिवस घ्यायचे आणि पुन्हा केव्हा यायचे.

ज्यांना दुर्बीण मुळीच नको वाटते, त्यांच्यासाठी नाकावाटे जाणारी अधिक बारीक नळी काही केंद्रांत मिळते. जिवाणूसाठी श्वासाची चाचणीही असते. परंतु अन्ननलिका आणि जठर डोळ्यांनी पाहून त्याच वेळी तुकडा घेण्याचे काम दुर्बीणच करू शकते. म्हणून डॉक्टरांनी कारण सांगून तपासणी सुचवली असेल, तर तारीख हंगामानंतरची नव्हे, याच आठवड्यातली घ्यावी. भीती सोबत आली तरी चालेल. तिच्यासाठी तपासणी थांबवू नये.