पवईच्या काठी परतलेले

पवई तलावाचा इतिहास नकारापासून सुरू होतो. गेल्याच्या गेल्या शतकात मुंबईला पाणी पुरत नव्हते. विहार तलाव १८६० मध्ये झाला, तुळशी १८७९ मध्ये, तरी तहान भागेना. तानशाचे मोठे काम चालू होते, पण ते पुरे होईपर्यंत काहीतरी सोय हवी होती. म्हणून साष्टीच्या डोंगरांमध्ये पवईच्या खोऱ्यात बांध घातला गेला आणि १८९१ च्या सुमारास तलाव तयार झाला. पाणी साठले, पण ते पिण्यालायक नाही असे थोड्याच काळात ठरले. १८९२ मध्ये तानशाचे पाणी आले आणि शहराने पवईकडे पाठ फिरवली. आरोग्याच्या कारणावरून नाकारलेल्या या पाण्यावर मग हक्क सांगायला आले ते गळवाले.

आधी वेस्टर्न इंडिया फिशिंग असोसिएशन या संस्थेने तलाव भाड्याने घेतला. १९३६ पासून तेथे बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन आली. तीच आजची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. सुरुवातीला हा साहेब लोकांचा आणि थोड्या सधन मंडळींचा शौक होता. पुढे अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही गावांची उपनगरे झाली, तलावाच्या काठी आयआयटी आली, कारखाने आले, वसाहती आल्या, आणि नोकरी करणारा माणूसही रविवारी पहाटे डबा घेऊन तलावावर दिसू लागला.

या लेखाचा विषय मात्र संस्थेचा इतिहास नाही. या पाण्यावर काही माणसे दुसऱ्यांदा येतात. हृदयाची शस्त्रक्रिया झालेले, गुडघा बदललेले, दीर्घ आजारातून उठलेले. मधली पाच-दहा वर्षे गळ माळ्यावर पडून असतो. मग एके दिवशी डॉक्टर म्हणतात, आता हलकेफुलके काही करायला हरकत नाही; आणि घरचे हो-ना करत असतानाच माळ्यावरची पिशवी खाली येते. मला वाटते, गळाने मासे धरण्याचा इतिहास या माणसांच्या बाजूने कधी नीट पाहिला गेलेला नाही. तो पाहिला, तर या छंदाचे आजारपणाशी जुने नाते असल्याचे ध्यानात येते.

आपल्याकडून सुरुवात करू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठी वाचकाला हा ग्रंथ माहीत असतो तो ओवीमुळे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही जुनी नोंद त्यातलीच. पण त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे, त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पस्तीसएक जातींचे मासे, ते राहतात कुठे, कोणत्या माशाला काय चारावे, दोर आणि काठी कशी असावी, असा सगळा बारकाईचा मामला. तिळाच्या पिठाचे गोळे, हरभऱ्याच्या पिठाचे गोळे, कुणाला मांस. आज पवईवर कणकेत डाळीचे भाजलेले पीठ मळत बसलेला गृहस्थ पाहिला की मला सोमेश्वराचा मुदपाकखाना आठवतो. नऊशे वर्षांत माशाची आवड काही बदललेली दिसत नाही! ग. कृ. श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत संपादित केला, आणि मत्स्यविनोदाचे महत्त्व प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर मांडले.

सोमेश्वराच्या लेखी मासे धरणे हा विनोद, म्हणजे मन रमवण्याचा प्रकार. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी, १४९६ मध्ये, इंग्लंडात गळाच्या मासेमारीवरचे इंग्रजीतले पहिले पुस्तक छापले गेले. ते ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीने लिहिले असे सांगतात. खरे-खोटे पंडितांनी ठरवावे. गंमत अशी की या पुस्तकाची सुरुवात माशापासून होतच नाही, ती प्रकृतीपासून होते. माणसाला निरोगी म्हातारपण हवे तर त्याने आनंदी विचार, बेताचे श्रम आणि मोजका आहार या तिघांना आपले वैद्य करावे, असे सांगून लेखिका शिकार, ससाणे उडवणे आणि पक्षी धरणे यांची तुलना मांडते. त्या खेळांत धापा टाकाव्या लागतात, ओरडावे लागते, पडावे-झडावे लागते. गळवाल्याचे फार तर काय, मासा मिळत नाही. म्हणून गळ बरा. त्याच पुस्तकात पिसे आणि लोकर यांच्या बारा नकली माश्या कशा बांधाव्यात तेही दिले आहे.

नकली माशीने मासे धरायच्या या कलेला आज जगभर फ्लाय फिशिंग म्हणतात. तिच्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्याकडे पुष्कळांनी ती फक्त सिनेमात पाहिलेली असते. नेहमीच्या गळाला शिशाचे वजन असते, त्याच्या जोरावर आमिष लांब जाते. माशीला वजनच नसते. पिसाची ती चिमूट फेकायची कशी? तर वजन दोरीतच असते. काठी मागे न्यायची, दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचे, मग पुढे. ताकदीपेक्षा त्या थांबण्याला महत्त्व. कोकणात खाडीवर गरवायला बसणाऱ्या माणसाला हा सगळा उपद्व्याप वाटेल, आणि त्याचे चुकत नाही. ताटात मासा हवा असेल तर गरी आणि कोळंबी याला तोड नाही.

पण आजारातून उठलेल्या माणसासाठी हीच हालचाल महत्त्वाची ठरली. अमेरिकेत १९९६ मध्ये ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ नावाची संस्था निघाली. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या स्त्रियांना ती अडीच दिवस नदीवर नेते आणि फ्लाय फिशिंग शिकवते. शस्त्रक्रियेनंतर खांदा आणि छाती आखडते. काठी मागेपुढे नेण्याची संथ, लयीची हालचाल त्यासाठी शिकवल्या जाणाऱ्या व्यायामाच्या जवळची आहे, हे एका शल्यचिकित्सक बाईंच्या आणि एका व्यावसायिक गळवालीच्या लक्षात आले, त्यातून हे निघाले. २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी असाच उपक्रम सुरू झाला. तो सुरू करणारे निवृत्त नौदल अधिकारी स्वतःच त्या रुग्णालयात उपचार घेत होते.

या सगळ्याला एका साध्या गोष्टीने हातभार लावला, ती म्हणजे काठीचे वजन. एकोणिसाव्या शतकात सामन माशासाठी अठरा-अठरा फुटी लाकडी काठ्या असत, किलोभर वजनाच्या, दोन्ही हातांनी पेलायच्या. मग बांबू चिरून त्याच्या सहा कांबी एकत्र चिकटवलेल्या काठ्या आल्या. त्यासाठीचा बांबू बराच काळ कलकत्त्याहून जात असे, हे आपण लक्षात ठेवायला हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या काठ्या आल्या आणि १९७० च्या दशकात कार्बनच्या. आज नऊ फुटी कार्बनची काठी शंभर ग्रॅमच्याही आत बसते. पूर्वी ज्या माणसाला डॉक्टरांनी कायमचे घरी बसवले असते, तो आता निदान अर्धा तास तरी काठी चालवू शकतो. खेळ जुनाच, पण परतीची वाट या हलकेपणाने मोकळी केली.

माझ्यापुरते सांगायचे तर आधी उजवा खांदा आणि त्याच्यामागोमाग हृदय, यांत माझी सहा वर्षे गेली. परतल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही की हात विसरलेला नव्हता, दम विसरला होता. दहा फेकींनंतर थांबावे लागे. होडीवरचा पोरगा दोनतीन वेळा बघत राहिला आणि म्हणाला, “काका, बसून टाका की. मासा काय उभं राहिलेल्यालाच मिळतो?” बसून माशी टाकणे हे पुस्तकात सहसा सांगत नाहीत. बसल्यावर दोरी मागे पाण्याला टेकते, म्हणून काठी जरा उंच धरावी लागते आणि अंतर निम्म्यावर येते. निम्मे तर निम्मे. पवईत पाण्यात उतरून मासे धरण्याचा प्रश्नच नाही, तिथे मगरी आहेत. त्यामुळे नदीत कमरेइतक्या पाण्यात उभे राहण्याची जी परीक्षा विलायतेत आजारी माणसापुढे असते, ती आमच्यापुढे मगरींनीच रद्द केलेली आहे. माझ्या माशीला लागतात ते बहुधा हाताएवढे तिलापिया. आजूबाजूचे कणकेवाले रोहू आणि कटल्याची वाट बघत बसतात आणि माझ्याकडे थोड्या कीवेने पाहतात.

सगळ्यांनाच पूर्वीसारखे परतता येत नाही, हेही सांगायला हवे. एडवर्ड ग्रे हे १९०५ ते १९१६ या काळात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते. पहिल्या महायुद्धाच्या इतिहासात त्यांचे नाव येतेच. पण गळवाल्यांना ते ओळखीचे आहेत ते १८९९ मध्ये लिहिलेल्या ‘फ्लाय फिशिंग’ या पुस्तकामुळे. पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक माशीने ट्राउट धरण्यात त्यांचा हातखंडा. पुढे त्यांची दृष्टी अधू होत गेली. तरंगती माशी दिसेना, तेव्हा तो प्रकार त्यांना सोडावा लागला आणि ते सामन माशाकडे वळले, कारण तिथे डोळ्यांचे काम कमी आणि हाताला लागणाऱ्या ओढीचे जास्त. १९३० मध्ये त्यांनी त्याच पुस्तकाला नवी प्रकरणे जोडली. मुत्सद्द्यापेक्षा हा मनुष्य मला अधिक जवळचा वाटतो. जे गेले ते गेले असे मानून, जे उरले त्यात तो रमला.

परतणाऱ्याला आणखी एक गोष्ट गाठते. आपण आजारी असताना पाणी थांबलेले नसते. मुंबईच्या गळवाल्याच्या मनात खरा मासा असतो तो महाशीर, घाटमाथ्यावरचा खडस. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. धरणे झाली, सुरुंग लावून मासे मारले गेले, नद्या नासल्या, आणि हा मासा दुर्मीळ झाला. तेव्हा त्याच्या मदतीला धावले ते डॉ. चं. वि. कुलकर्णी. हे राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक. तरुणपणी, १९४० मध्ये, त्यांनी मुंबईच्या खाडीतला एक इवलासा पारदर्शक मासा शोधून त्याच्या नावात मघाच्या होरांचे नाव गुंफले होते. निवृत्तीनंतर लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावावर त्यांनी महाशीराची अंडी आणि पिल्ले यांचा अभ्यास केला. तिथे १९७० च्या दशकापासून पिल्ले वाढवण्याचे काम सुरू झाले आणि लाखो पिल्ले देशभर सोडली गेली. आंतरराष्ट्रीय यादीत हा मासा एकेकाळी संकटग्रस्त होता, आता त्याची काळजी कमी झाली आहे.

पण इथेही एक मेख आहे. यातली पिल्ले कावेरीतही गेली आणि तिथे ती अशी फोफावली की कावेरीचा मूळचा नारिंगी शेपटीचा, कुबडा महाशीर नाहीसा होण्याच्या बेतात आला. त्या माशाची शास्त्रीय ओळख पटायलाच २०१८ साल उजाडले. एकाला बरे करताना दुसरा आजारी पडला. कुलकर्ण्यांना दोष देणे सोपे आहे, पण मला ते न्याय्य वाटत नाही. त्या काळी नद्यांमध्ये मासे सोडणे हेच सगळीकडे शहाणपण समजले जाई.

आणि पवई? १८९१ च्या सुमारास पाणी नाकारले गेले तेव्हा निदान भोवती शेत आणि रान होते. आता आजूबाजूच्या वस्त्यांचे सांडपाणी तलावात उतरत आले आहे आणि त्यावर जलपर्णी माजते. जलपर्णी दाटली की खालचा प्राणवायू घटतो, उन्हाळ्याच्या अखेरीला मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. काठाने सायकल मार्ग करण्याचे महापालिकेचे काम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवले. गळवाले दरवर्षी बीज सोडतात, पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी मिठी नदीकडे वाहू लागते, आणि त्यासोबत सोडलेल्यातले काही निघूनही जातात.

सप्टेंबरात पाऊस ओसरला की माळ्यावरच्या पिशव्या पुन्हा खाली येतात. गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या होडीत एक गृहस्थ बसले होते, एका हाताला पक्षाघाताने बळ नाही. काठी डाव्या हातात, तिचे बूड पोटाच्या पट्ट्याला अडकवलेले, आणि फिरकी फिरवायला नातू. तिसऱ्या तासाला रोहू लागला. आजोबांनी काठी सांभाळली, नातवाने फिरकी, आणि मासा होडीजवळ आल्यावर जाळी कुणी धरायची यावरून दोघांचे चांगलेच वाजले.