आण्णांची काळी सायकल आणि मुलाची शुगर

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) कारेगावच्या माझ्या दवाखान्यात बापलेक एकत्र आले. मुलगा ३९ वर्षांचा, रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी ८.२ आलेली, रक्तदाब वाढलेला, पोट सुटलेले. सोबत आलेले आण्णा ७४ वर्षांचे. त्यांची तक्रार एवढीच की आठ दिवसांपासून खोकला आहे.

मुलाला म्हटले, "गोळ्या देतो, पण रोज अर्धा तास व्यायाम हवा."

"डॉक्टरसाहेब, वेळ कुठंय? बारा तास कंपनीत जातात."

"कंपनी घरापासून किती लांब?"

"तीन किलोमीटर. गाडीवर पाच मिनिटांत पोचतो."

आण्णा मध्येच म्हणाले, "मी अजून डेअरीला सायकलवरच दूध घालतो. व्यायाम काय असतो ते मला ठावं न्हाई."

एका घरातल्या दोन माणसांवरून वैद्यकशास्त्र सिद्ध होत नाही. आण्णांचे जेवण, शेतीचे कष्ट, झोप, सगळेच वेगळे. तरीही त्यांचे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. ज्या पिढीने व्यायाम हा शब्द वापरला नाही, तिचा व्यायाम झाला कसा? आणि पुढच्या पिढीचा गेला कुठे? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या काळ्या लोखंडी सायकलच्या इतिहासात आहे. आज औषधांऐवजी तोच इतिहास सांगतो.

हाडे खिळखिळी करणाऱ्या गाडीपासून आरामशीर सायकलपर्यंत

सायकलची सुरुवात १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन द्रैस यांच्या लाकडी गाडीपासून झाली असे मानतात. तिला पायडल नव्हते. माणूस दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीला रेटे देत पुढे जायचा. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. पण चाकांवर लोखंडी पट्टी होती. इंग्रजांनी त्या गाडीला 'हाडे खिळखिळी करणारी' असेच नाव पाडले. मग पुढचे चाक प्रचंड आणि मागचे इवलेसे अशी उंच सायकल आली. ती वेगवान होती, पण खड्डा लागला की स्वार थेट डोक्यावर पडायचा. ती तरुण आणि धाडसी पुरुषांचीच गाडी राहिली.

सर्वसामान्य माणसाच्या हाती सायकल आली ती तीन सुधारणांमुळे. १८८२ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रूक्स यांनी ताणलेल्या कातड्याच्या सीटचे पेटंट घेतले. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन जवळपास सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी असलेली 'रोव्हर' सायकल बनवली. आजची प्रत्येक सायकल तिचीच वंशज आहे. आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. डनलॉप पेशाने जनावरांचे डॉक्टर होते. मुलाच्या तीनचाकी सायकलला हादरे बसू नयेत म्हणून त्यांनी हा उद्योग केला. या फुगीर टायरांना लोक आधी हसले. पुढच्याच वर्षी त्या टायरांच्या सायकलने शर्यती जिंकल्या, तेव्हा हसणे थांबले.

आराम आणि वेग यांचे भांडण नाही, हे लोकांना तेव्हा कळले. ज्या गाडीवर अंग दुखत नाही, ती माणूस रोज चालवतो.

तेव्हाच्या डॉक्टरांची चूक

आता आमच्या पेशाची एक लाजिरवाणी आठवण. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलचे वेड पसरले, तेव्हा अनेक डॉक्टरांनी तिच्या विरोधात लिहिले. सायकलने हृदय थकते, पाठीला कुबड येते, स्त्रियांच्या आरोग्याची हानी होते, अशी भीती त्यांनी घातली. तोल सांभाळण्याच्या ताणाने चेहरा कायमचा ओढल्यासारखा होतो, असा 'सायकल-चेहरा' नावाचा आजारही काढला गेला. यातले बहुतेक पुराव्याविना होते. बाया घराबाहेर एकट्या फिरू लागल्या, याचीच धास्ती त्यात जास्त होती. म्हणून कोणी डॉक्टर ठासून काही सांगत असेल, तर 'याला पुरावा काय?' असे नम्रपणे विचारायला हरकत नाही. मलाही विचारा.

आपल्याकडची सायकल

आपल्याकडे आधी सायकली इंग्लंडहून यायच्या. त्या किती दणकट होत्या याचा दाखला मुंबईच्या तीन पारशी तरुणांनी दिला. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून निघाले आणि जगप्रदक्षिणा करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर, तेही वाळवंटे आणि जंगले तुडवत.

स्वातंत्र्यानंतर देशात कारखाने उभे राहिले. १९४९ मध्ये मद्रासची टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतची अॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाची हीरो. साचा मात्र इंग्लंडचाच राहिला. पोलादी नळ्यांचा सांगाडा, २८ इंची चाके, स्प्रिंगची रुंद सीट, आपल्याकडे वळलेले उंच हँडल, तारेऐवजी सळईचे ब्रेक, मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर आणि दुहेरी स्टँड. वजन वीस किलोच्या आसपास. गिअर नाही. पण कुठेही तुटली तर गावातला वेल्डिंगवाला जोडून देईल, हा पोलादाचा मोठा गुण.

पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे कामगार, पिंपरीच्या पेनिसिलिन कारखान्यातले कर्मचारी, प्राध्यापक, नऊवारीतल्या बायका, शाळेतली पोरे, सगळे सायकलवर. तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. पालिकेचा कर भरला की सायकलला बिल्ला मिळे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलात, तर पोलीस अडवत. हा सगळा काळ पाहायचा असेल तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जरूर जा.

खेड्यात सायकल ही प्रतिष्ठा होती. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल देत. पोस्टमन, दूधवाला आणि मास्तर सायकलवर फिरत. घरात एकच मोठी सायकल असे, त्यामुळे पोरे दांडीखालून पाय घालून शिकत. माझ्या गुडघ्यावर त्या शिक्षणाची खूण अजून आहे.

पोशाखही वेगळा घ्यावा लागत नसे. पँटला खाली एक क्लिप लावली, डोक्याला टोपी घातली की झाले. चेनकव्हरमुळे धोतर अडकत नसे. ज्या कपड्यांत कामावर जायचे, त्याच कपड्यांत सायकल चालवायची. माझ्या मते त्या सायकलचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य हेच. ती खेळाचे साधन नव्हती, चपलेसारखी रोजची वस्तू होती.

गाडी आली, पायडल गेले

मग यंत्र आले. १९७२ मध्ये आपल्या नगरच्या कायनेटिकने लूना आणली. तिला पायडलही होते, इंजिनही होते. माझ्या दृष्टीने लूना हा या इतिहासातला सांधा आहे. पायडल होते, पण ते गाडी सुरू करण्यापुरते आणि फार तर चढाला हातभार लावण्यापुरते. त्याच वर्षी पुण्याच्या आकुर्डीची चेतक स्कूटर आली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. १९८० च्या दशकात कमी पेट्रोल खाणाऱ्या मोटारसायकली आल्या आणि पायडल उरलेच नाही.

यात कोणाला दोष देऊ नये. उन्हातान्हात ओझे वाहणाऱ्या माणसाला गाडी म्हणजे सुटका होती. मीही तेच केले. पुण्यात एमबीबीएसला असताना मी रोज सायकलने कॉलेजला जात असे. डॉक्टर झाल्यावर पहिली स्कूटर घेतली आणि सायकल भंगारवाल्याला दिली. त्यानंतरच्या वीस वर्षांत माझे वजन १७ किलोंनी वाढले. रुग्णांना व्यायामाचे सल्ले मी तेव्हाही देतच होतो.

हिशेब करून पाहा. पाच किलोमीटरवरच्या कारखान्यात सायकलने जायला वीस-पंचवीस मिनिटे आणि यायला तेवढीच. आठवड्यात सहा दिवस. म्हणजे चार ते पाच तास. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. त्याच्या दीडपट ते दुप्पट तो कामगार नकळत करत होता. गाडीने आपला वेळ वाचवला, पण त्या वेळात आपण व्यायाम केला नाही.

विज्ञान काय सांगते?

१९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. पुढे त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तर चालकांच्या पँटी कमरेला जास्त मोठ्या निघाल्या. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले.

१९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या काळी अशा रुग्णाला आठवडेच्या आठवडे पलंगावर झोपवून ठेवत. त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पॉल डडली व्हाइट हे मात्र हालचालीचे आणि सायकलचे पुरस्कर्ते होते आणि स्वतः म्हातारपणापर्यंत सायकल चालवत.

कोपनहेगनचा एक अभ्यास २००० साली आला. सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २८ टक्के कमी आढळले, आणि तेही इतर व्यायाम व धूम्रपान यांचा फरक वजा करून. अशा अभ्यासांतून सायकल हेच एकमेव कारण असे ठरत नाही, पण वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात.

साखरेचे गणित सोपे आहे. मांडीचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. ते काम करू लागले की रक्तातली साखर आत ओढतात, आणि यासाठी इन्सुलिनची वाट पाहत नाहीत. व्यायामानंतरही काही तास इन्सुलिनचा परिणाम सुधारलेला राहतो. शिवाय शरीराचा भार सीटवर असल्याने गुडघ्यांवर ताण कमी येतो.

परत घेताना होणारी चूक

माझ्या सांगण्यावरून सायकल घेणारे बरेच जण दोन महिन्यांत ती गच्चीवर टाकतात. चार वर्षांपूर्वी मीही टाकली. २१ गिअरची, जाड टायरची, पुढे वाकून चालवायची सायकल घेतली होती. आठवड्यात मान आखडली आणि हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या येऊ लागल्या. तळहातावर भार पडला की तिथली नस दबते. मग एका दुरुस्तीच्या दुकानातून जुनी काळी सायकल घेतली. ती आजतागायत चालू आहे.

कारण बसण्याच्या ढबीत आहे. ताठ बसले की भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो, म्हणून रुंद, स्प्रिंगची सीट सुखाची वाटते. पुढे वाकले की भार मांड्यांमधल्या मऊ भागावर आणि तळहातांवर जातो. शर्यतीला ते ठीक. किराणा आणायला आणि कामावर जायला ताठ बसणेच बरे.

- सीटची उंची: पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. फार खालच्या सीटने गुडघ्याची वाटी दुखते.
- हँडल: सीटच्या बरोबरीने किंवा थोडे वर.
- बधिरपणा: मांड्यांमध्ये बधिरता आली तर उतरा, सीट बदला. दुर्लक्ष करू नका.
- पोशाख: रोजचे कपडे चालतात. हेल्मेट आणि मागे लाल दिवा हवाच. कंपनीचे चमकणारे सेफ्टी जॅकेट तुमच्याकडे आहेच, तेच घाला.
- मधुमेह: इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.
- आधी डॉक्टरांना भेटा: छातीत दुखणे, धाप, चक्कर, कमी दिसणे किंवा हृदयविकाराचा पूर्वइतिहास असेल तर.

आणि रस्ता?

त्या मुलाने मला शेवटी विचारले होते, "नगर रोडवर कंटेनर अंगावर येतात डॉक्टरसाहेब, तिथं सायकल कशी चालवू?" प्रश्न खरा आहे. आण्णांच्या तरुणपणी हा रस्ता असा नव्हता. पुण्यासाठी २०१७ साली सायकल आराखडा मंजूर झाला. आपल्या औद्योगिक पट्ट्यात तर शिफ्ट सुटताना हजारो माणसे बाहेर पडतात, त्यांच्यासाठीही सायकलची सुरक्षित वाट हवी. ग्रामसभेत हा विषय मांडायला काय हरकत आहे? तोवर माझा सल्ला स्पष्ट आहे: हायवेवर सायकल घालू नका. आतले रस्ते, मळ्यातली वाट, पहाटेची वेळ निवडा. ते जमत नसेल तर चाला.

त्या मुलाला आतला रस्ता सापडला. कंपनी तिथून साडेचार किलोमीटर पडते. तो आठवड्यातून तीन-चार दिवस सायकलने जातो, गोळ्याही चालू आहेत. मागच्या वेळी एचबीएवनसी ७.१ होती. श्रेय गोळ्यांचे किती आणि सायकलचे किती, ते मला सांगता येणार नाही. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कोणी बंद करू नका.

पुढच्या वेळी दवाखान्यात सायकलवर आलात तर कडुनिंबाखाली लावा. माझी तिथेच असते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या तब्येतीबद्दल आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)