लंडनच्या भूगर्भातील रोमन नगर : वॉलब्रुक उत्खननाचा पुनर्विचार

इ. स. ४३ मधील रोमन आक्रमणानंतर थेम्स नदीच्या उत्तर तीरावर वसलेले लोंडिनियम हे नगर आज लंडनच्या मध्यवर्ती आर्थिक विभागाखाली गाडले गेले आहे. जिवंत शहराच्या पोटातील प्राचीन नगराचा शोध अभ्यासकाच्या इच्छेने क्वचितच घेता येतो. वर उभी असलेली इमारत पडेल, तेव्हाच खालची जमीन त्याच्या हाती लागते. वॉलब्रुक या लुप्त झालेल्या ओढ्याच्या काठी हे दोनदा घडले.

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावाने हा परिसर उद्ध्वस्त झाला होता. तेथे नवी इमारत उभारण्यापूर्वी डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी केलेल्या उत्खननात १९५४ साली इ. स. २४० च्या सुमारास बांधलेले मिथ्रस देवतेचे मंदिर उजेडात आले. (या देवतेच्या नावाचे वैदिक 'मित्र' व इराणी 'मिथ्र' यांच्याशी नाते आहे, हे खरे, परंतु तेवढ्यावरून रोमन मिथ्रपंथ थेट पूर्वेकडून आला असे म्हणणे धाडसाचे ठरेल.) मंदिर पाहण्यासाठी हजारो नागरिक रांगा लावू लागले. प्रश्न मंत्रिमंडळापर्यंत गेला. अखेर इमारत झालीच. मंदिराचे दगड हलविण्यात आले आणि १९६२ साली सुमारे १०० मीटर अंतरावर, उघड्या चौथऱ्यावर, आधुनिक सिमेंटमध्ये त्यांची पुनर्रचना झाली. ओढ्याकाठच्या दमट, अंधाऱ्या भूमीशी असलेला मंदिराचा संबंध तुटला. याला जतन म्हणणे कठीण आहे.

१९९० च्या शासकीय मार्गदर्शक धोरणानंतर इंग्लंडमध्ये उत्खननाचा खर्च सामान्यतः बांधकाम करणाऱ्याकडे आला. त्याच जागी २०१० ते २०१४ या काळात झालेले दुसरे उत्खनन या व्यवस्थेतील होते, आणि त्याचे फलित विलक्षण आहे. ओढ्याच्या चिखलात प्राणवायू पोहोचत नसल्याने लाकूड व चामडे कुजले नव्हते. मेणाचा लेप दिलेल्या ४०५ लेखनपट्टिका तेथे मिळाल्या. मेण केव्हाच नाहीसे झाले होते. पण टोकदार लेखणीचे ओरखडे खालच्या लाकडावर उतरले होते. त्यांवरून रॉजर टॉमलिन यांनी अनेक पट्टिकांचे वाचन केले. ८ जानेवारी ५७ या तारखेच्या पट्टिकेत टिबुलस नामक मुक्त दास, मिळालेल्या मालापोटी ग्रॅटस या दुसऱ्या मुक्त दासाचे १०५ दिनार देणे लागतो, असे मान्य करतो.

त्याहून महत्त्वाची पट्टिका २१ ऑक्टोबर ६२ ची आहे. इ. स. ६०-६१ मधील बुडिका राणीच्या उठावात लोंडिनियम बेचिराख झाल्याचे टॅसिटस सांगतो आणि जळलेल्या मातीचा थर त्यास पुष्टी देतो. मात्र नगर किती लवकर सावरले, हे त्याच्या कथनातून कळत नाही. ही पट्टिका म्हणजे व्हेरुलॅमियमहून लंडनला रसदीच्या २० खेपा पोहोचविण्याचा करार होय. म्हणजे विध्वंसानंतर एक-दोन वर्षांतच तेथे माल मागविणारे होते, आणि तो १३ नोव्हेंबरपर्यंत पोहोचेल असा त्यांना भरवसा होता.

१९५४ साली घाईने आटोपलेल्या कामात असे किती चिखल उपसून फेकले गेले असतील, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. २०१७ पासून मंदिराचे अवशेष मूळ स्थानाच्या अगदी जवळ, रस्त्याच्या पातळीखाली सुमारे ७ मीटरवर, पाहता येतात. ते आज ज्या इमारतीच्या तळघरात आहेत, ती एका वित्तीय माहिती कंपनीची आहे.